स्पेनमध्ये आईबाबांसोबत समुद्रकाठी आठवडाभर : बेनिडॉर्म की आणखी कुठे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी,
मे महिन्यात आईबाबांना घेऊन स्पेनला जायचं ठरतंय. ताई, भाऊजी आणि दोन्ही भाचे बर्मिंगहॅमहून येतील, आम्ही पुण्याहून. रोज नवं गाव पालथं घालायचं नाही. एका जागी राहायचं, समुद्र समोर हवा, संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र फिरायला जाता यावं, एवढीच अपेक्षा आहे.
ताईने बेनिडॉर्म सुचवलंय. इथे ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी नाक मुरडलं. "तिथे नुसत्या बिल्डिंगा आणि बिअर पिणारे इंग्रज", "त्यापेक्षा गोव्याला जा" असं बरंच ऐकून झालं.
बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, सपाटीवर छान चालतात, चढ-पायऱ्या नको म्हणतात. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. भाच्यांना वाळू आणि पाणी मिळालं की झालं.
अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. बेनिडॉर्म नको तर मग कुठे?

रेवाळ
बेनिडॉर्म नकोच. स्पेनचं दर्शन घ्यायचं तर नेर्खाला जा. मालागा विमानतळापासून रस्त्याने तासाभरावर. गावाच्या मधोमध समुद्रावर झेपावलेला सज्जा आहे, बाल्कोन दे एउरोपा, तिथे बसून आईबाबांची संध्याकाळ मजेत जाईल. जवळच प्रचंड गुहा आहेत, १९५९ साली गावातल्या मुलांना सापडलेल्या. वर डोंगरात फ्रिखिलियाना नावाचं पांढऱ्याशुभ्र घरांचं गाव. आम्ही तिथून निघताना अक्षरशः डोळे भरून आले होते.

सह्यभटका
रेवाळ, नेर्खा सुंदर आहे यात वादच नाही, पण धागाकर्तीने गुडघ्याचं लिहिलंय ना! गाव कड्यावर आणि किनारे खाली. बुर्रियाना किनाऱ्याहून परत येताना तो चढ चढावाच लागतो. गुहेत तर पायऱ्याच पायऱ्या. फ्रिखिलियानाचं तर नावच नको. तरुण जोडप्यासाठी शंभर टक्के नेर्खा, या कुटुंबासाठी नाही.

तिखटजाळ
नॉटिंगहॅमहून लिहितोय. आमच्याकडच्या मराठी मंडळातली निम्मी कुटुंबं कधी ना कधी बेनिडॉर्मला जाऊन आलीत आणि आम्ही तर परत परत जातो. तुमच्या ताईचं बरोबर आहे.
किनारे दोन. पूर्वेचा लेवान्ते सुमारे दोन किलोमीटर, पश्चिमेचा पोनिएन्ते सुमारे तीन. मध्ये टेकडीवजा उंचवट्यावर जुनं गाव, निळ्या घुमटाचं चर्च आणि टोकाला पांढऱ्या कठड्यांचा सज्जा. दोन्ही किनाऱ्यांना लागून रुंद, सपाट फरसबंद रस्ता आहे. बाबांना पोनिएन्तेवर सोडा, लाटेसारखा वळणावळणाचा रंगीत फरशांचा पदपथ आहे, बसायला जागोजागी बाकं. वाळू बारीक आहे, पाणी हळूहळू खोल होतं. लहान मुलांसाठी याहून चांगला किनारा मी तरी पाहिलेला नाही.
हुल्लडबाजीबद्दल: ती आहे, पण एका भागात. लेवान्तेच्या पूर्व टोकामागच्या गल्ल्यांमध्ये इंग्रजी पब आहेत, लग्नाआधीच्या पार्ट्या करणारी टोळकी तिथेच असतात. तिकडे हॉटेल घेऊ नका की झालं. पोनिएन्तेला रात्री अकरा वाजता आजी-आजोबा आइस्क्रीम खात फिरत असतात.

अक्का_कोथरूड
तिखटजाळ, फार उपयोगी प्रतिसाद. आम्हीही मुलाबरोबर गेलो होतो. मला सगळ्यात काय आवडलं असेल तर तिथली म्हातारी माणसं. इतकी नीटनेटकी! केस सेट केलेले, गळ्यात मोत्यांची माळ, नवऱ्याच्या हातात हात. कुणी वाळूत खुर्च्या टाकून पत्ते खेळतंय, कुणी गुडघाभर पाण्यात उभं राहून गप्पा मारतंय. आपल्याकडे साठीनंतर बाईने समुद्रात पाय बुडवला तरी लोक बघतात. मी तिथे रोज पाण्यात जात होते.

वालेन्सियाकर
अक्का, त्यातले बरेचसे स्पेनच्याच आतल्या प्रांतांतून आलेले निवृत्त लोक असतात. सरकारची १९८५ पासूनची योजना आहे, इम्सेर्सो नावाची. बिगरहंगामी दिवसांत ज्येष्ठांना सवलतीत सहलीला पाठवतात. म्हाताऱ्यांना समुद्र मिळतो आणि हॉटेलं हिवाळ्यातही चालू राहतात, नोकऱ्या टिकतात. बेनिडॉर्म हे त्या योजनेचं लाडकं ठिकाण आहे. जानेवारीतही दुपारी सोळा-सतरा अंश असतं, बहुतेक दिवस ऊन पडतं. कोस्टा ब्लांकावरची, म्हणजे याच किनारपट्टीवरची, इतर पुष्कळ गावं नोव्हेंबरात शटर ओढून बसतात, हे गाव बारा महिने जागं असतं.

नाखवा
वाचतोय. आमच्या मालवणासारखं तेही आधी कोळ्यांचंच गाव होतं ना? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

वालेन्सियाकर
हो नाखवा. आणि साधेसुधे कोळी नव्हेत. आल्माद्राबा म्हणजे ट्युना पकडायच्या प्रचंड जाळ्यांचा चक्रव्यूह. तो लावण्यात बेनिडॉर्मच्या तांडेलांचा हातखंडा होता, दूरदूरचे लोक त्यांना बोलावून नेत. मासे कमी झाले, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथली आल्माद्राबा बंद पडली. पेद्रो सारागोसा हे तेव्हा महापौर होते. त्यांनी पर्यटनावर भिस्त ठेवली आणि १९५६ साली अख्ख्या गावाचा विकास आराखडा मंजूर करून घेतला.
बिकिनीचा किस्सा तर सगळ्या स्पेनला पाठ आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात समुद्रावर बिकिनी घातली तर दंड होत असे. महापौरांनी बेनिडॉर्ममध्ये परवानगी दिली, धर्मगुरू भडकले, चर्चमधून बहिष्कृत करण्याची धमकी आली. तेव्हा हे गृहस्थ वेस्पा स्कूटरवर बसून फ्रँकोला भेटायला माद्रिदला गेले, असं सांगितलं जातं.

पिठलंभाकरी
म्हणजे साधारण पुणे ते पणजी, स्कूटरवरून! आमच्या नगरसेवकाला गल्लीतल्या खड्ड्यापर्यंत चालत आणायचं तर चार फोन करावे लागतात.

उंबरा
विषय आराखड्यापर्यंत आलाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, माझा व्यवसाय नगररचनेचा आहे आणि या गावाबद्दल मला मनापासून आस्था आहे.
'काँक्रीटचं जंगल' म्हणून बेनिडॉर्मला हिणवणं सोपं आहे. फोटोत ते तसं दिसतंही. ग्रान होटेल बाली १८६ मीटर उंच आहे, २००२ मध्ये सुरू झालं. पण जागेवर उभं राहून बघा. मनोरे सडपातळ आहेत, एकमेकांपासून सुटे आहेत, पायथ्याशी बाग, पोहण्याचा तलाव, झाडं. उंचीची मर्यादा काढली तेव्हा त्या बदल्यात जमीन मोकळी ठेवावी लागली. त्यामुळे मागच्या ओळीतल्या खोलीतूनही समुद्राची पट्टी दिसते आणि वारा आतपर्यंत येतो.
आता याच किनाऱ्यावरची बाकीची किलोमीटर-किलोमीटर पसरलेली बंगल्यांची वसाहत बघा. प्रत्येकाला स्वतंत्र बाग, स्वतंत्र तलाव, आणि पावासाठीही गाडी काढावी लागते. तितक्याच माणसांसाठी कितीतरी जास्त डोंगर फोडला, कितीतरी जास्त पाणी ओतलं. बेनिडॉर्ममध्ये माणूस लिफ्टने खाली उतरतो आणि चालत सगळीकडे जातो. गावाच्या पूर्वेला लागूनच सेर्रा खेलादाचे कडे आहेत, तिथे २००५ पासून निसर्गोद्यान आहे. पंचवीस मजली हॉटेलपासून थोडं चाललं की रोझमेरीची झुडपं आणि खाली निळंशार पाणी.
आपल्या कोकणात डोंगरउतारावर सुटे बंगले टाकण्याची जी लाट आलीय ती बघताना मला नेहमी बेनिडॉर्म आठवतं. आहे तसं उचलून तिथे आणा असं मी म्हणत नाही. पण 'उंच म्हणजे वाईट, बैठं म्हणजे निसर्गस्नेही' हे समीकरण तपासून घ्यायला हवं.

नाखवा
उंबरा, तुमचं बंगल्यांबद्दलचं पटलं. मनोऱ्यांचं पटत नाही. आमच्याकडे उंच बांधायची परवानगी मिळाली की खालची मोकळी जागा कागदावर राहते आणि गाळे उभे राहतात. मैलापाणी कुठे जातं ते आम्ही पावसाळ्यात बघतो. एवढ्या लोकांचं पाणी आणि सांडपाणी तिथे कसं सांभाळतात ते सांगा, मग पुढे बोलू.

वालेन्सियाकर
नाखवा, अगदी नेमका प्रश्न. तिथेही रडकथा झालेली आहे. १९७८ च्या दुष्काळात बेनिडॉर्मला जहाजांनी पाणी आणावं लागलं होतं. ऐन हंगामात हॉटेलांच्या नळाला पाणी नाही.
या भागातल्या गावांनी मिळून पाण्यासाठी एक संघ केलेला आहे, मारिना बाखा जलसंघ. ग्वादालेस्त आणि आमादोरिओ ही दोन धरणं. खरी कमाल शेतकऱ्यांबरोबरच्या देवाणघेवाणीत आहे. डोंगराकडचे शेतकरी आपल्या हक्काचं स्वच्छ पाणी टंचाईत गावांना देतात आणि त्या बदल्यात गावांचं शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला घेतात. त्यावर लोकाटाच्या आणि लिंबूवर्गीय फळांच्या बागा उभ्या आहेत. टंचाई कायमची संपली असं मुळीच नाही, पाऊसच तुटपुंजा. पण पाणी दोनदा वापरायचं हे तिथे अंगवळणी पडलंय.

बाभूळबन
मी लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी आलं होतं. पाण्याची गाडी म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. शेतकऱ्याने शहराला पाणी द्यायचं आणि शहराने त्याला परत द्यायचं, हा व्यवहार लिहून, बरोबरीने होतो हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे पहिला भाग तेवढा होतो.

गोदाकाठ
बाबांना हे दोन प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. आता ते चष्मा लावून नकाशात ग्वादालेस्त शोधत बसलेत! धरण किती उंच, दगडी की मातीचं, असं विचारतायत. आईचं म्हणणं, "सुट्टीत पण धरणच बघायचं का?"
आईच्या जेवणाचं कुणीतरी सांगा प्लीज.

पिठलंभाकरी
आलो. अंडं न खाणारा शाकाहारी म्हणून स्पेनभर हिंडलोय, उपाशी राहावं लागलं नाही.
'मांस नको' एवढंच सांगितलं तर मासे येतात, कधी हॅमचे तुकडे येतात, ते त्यांच्या हिशोबात मसाल्यासारखे. म्हणून मांस, मासे, हॅम, अंडं हे चारही शब्द स्पॅनिशमध्ये चिठ्ठीवर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. मिश्र सॅलडवर हमखास ट्युना आणि उकडलेलं अंडं असतं, आधीच सांगायचं.
बिनधास्त मागवायचं: टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या (पाद्रोनच्या, वर जाड मीठ, दहात एखादी तिखट निघते), वांग्याचे काप मधाबरोबर, भाजलेल्या ढोबळी मिरच्या-वांग्यांची एस्कालिवादा, गाझपाचो (टोमॅटोचं गार सूप). पातातास ब्रावास (तळलेले बटाटे, वर सॉस) मागवताना सॉस वेगळा आणायला सांगा, बऱ्याच ठिकाणी मेयोनेझ घालतात आणि त्यात अंडं असतं. बटाट्याचं तोर्तिया म्हणजे अंड्याचंच, ते नको. भाज्यांचा पाएया (पसरट कढईत शिजवलेला भात) मिळतो, पण रस्सा कशाचा आहे ते विचारायचं, माशाच्या रश्श्यात भात शिजवायची पद्धत याच किनाऱ्यावरची. आणि पाएया बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात.
ओर्चाता नक्की प्या. चुफा नावाच्या छोट्या कंदाचं गार, गोड, दुधासारखं पेय, दूध अजिबात नसतं. आईंना उपासाला चालेल की नाही यावर वेगळा धागा काढावा लागेल.

अक्का_कोथरूड
कंद आहे म्हणजे चालेल. मी तर एकादशीला प्यायले.

तिखटजाळ
आणि बेनिडॉर्मला भारतीय हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, इंग्रजांना करी लागतेच. चव इंग्लंडच्या करीसारखी, पण डाळ-भात-रोटी मिळते. दुसरा मोठा फायदा वेळेचा. बाकी स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी रात्री साडेआठ-नऊच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही, लहान मुलं आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारी मंडळी यांचे हाल होतात. इथे संध्याकाळी सहालाही जेवण मिळतं.

रेवाळ
म्हणजे इंग्लंडलाच जाऊन आल्यासारखं. मग स्पेनला कशाला जायचं? इंग्रजी नाश्ता, पंजाबी डाळ, आणि बाहेर ऊन. मला हे खरंच समजत नाही. प्रवासात थोडी अडचण सोसायची तयारी हवी ना.

उंबरा
रेवाळ, आपल्यापुरती अडचण सोसायला मीही तयार असतो. पण इथे सत्तरीची माणसं आहेत आणि बहिणीचं कुटुंब आहे, मुद्दा एकत्र राहण्याचा आहे. शिवाय खरं स्पेन बेनिडॉर्मच्या बाहेर नाही, आतही आहे. जुन्या गावातल्या सांतो दोमिंगो गल्लीत दुपारी दोनला जा, उभ्याने तापास (छोट्या बशांतले पदार्थ) खाणारे बहुतेक स्पॅनिशच दिसतील.

वालेन्सियाकर
याला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. २०२४ मध्ये कॅनरी बेटं, मायोर्का, मालागा, बार्सिलोना सगळीकडे अति पर्यटनाविरुद्ध मोर्चे निघाले. राग पाहुण्यांवर कमी, घरांच्या भाड्यांवर जास्त आहे. राहत्या इमारतीतले फ्लॅट पर्यटकांना देतात, मग तिथल्या नर्सला, शिक्षकाला घर मिळत नाही. बार्सिलोनाने तर असे पर्यटक फ्लॅट नोव्हेंबर २०२८ पर्यंत बंद करायचं जाहीर केलंय. माझ्या स्वतःच्या इमारतीत हे घडताना मी बघतोय, शेजारचं कुटुंब पंधरा किलोमीटर लांब गेलं.
म्हणून कुठेही गेलात तरी माझी कळकळीची विनंती, हॉटेलात राहा. बेनिडॉर्म तर हॉटेलांसाठीच आखलेलं गाव आहे, तिथे पाहुणा ओझं वाटत नाही.

सह्यभटका
+१. हा मुद्दा कधी लक्षातच घेतला नव्हता.
अवांतर: ट्रेकरांनी बेनिडॉर्मला पुईग काम्पाना चढावा, गावामागेच आहे, सुमारे १४०० मीटर. शिखराजवळ चौकोनी खाच दिसते. रोल्दान नावाच्या वीराने तलवारीने तो तुकडा उडवला आणि तो समुद्रात पडून समोरचं बेट झालं अशी दंतकथा आहे. भाच्यांना ही गोष्ट सांगा आणि मग बोटीने त्या बेटावर न्या.

गोदाकाठ
खाच आणि बेट, दोन्ही फोटोत सापडलं! भाच्यांना आजच व्हिडिओ कॉलवर दाखवते.
घरी जवळपास बेनिडॉर्मवर एकमत झालंय. आता पुढचे प्रश्न: मे महिन्यात पाणी गार असतं का? विमानतळावरून कसं जायचं? आणि व्हिसा?

तिखटजाळ
मेमध्ये समुद्र अठरा-एकोणीस अंश, मुलं उड्या मारतील, तुम्ही 'आई गं' म्हणाल. ऑगस्टमध्ये पंचविसाच्या वर असतो, पण तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही डोक्यावरून जातात. मुलांच्या शाळेचं बघा. इंग्लंडची अर्धसत्राची सुट्टी मेच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि त्या आठवड्यात अर्धं इंग्लंड तिथे उतरतं. ताईला दुसरा पर्याय नसणार, तेव्हा हॉटेल आजच बघायला घ्या.
आलिकांते विमानतळावरून बेनिडॉर्मला थेट बस आहे, पाऊण-एक तास. आलिकांते शहरातून ट्रामही आहे, समुद्राच्या कडेकडेने जाते, प्रवास सुरेख, पण बेनिडॉर्मचं स्टेशन किनाऱ्यापासून लांब, उंचावर आहे. सामान असताना बसच बरी.

बाभूळबन
व्हिसा: आईबाबांचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान तीन महिने आधी तारीख घ्या, उन्हाळ्यासाठी तारखा भराभर संपतात. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं, ज्येष्ठांसाठी आधीच्या आजारांचा समावेश आहे का ते वाचून घ्या. प्रौढांचं शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे.

नाखवा
पाण्यात उतरण्याआधी झेंडा बघायचा. हिरवा असेल तर निवांत, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर मुलांना सोडायचं नाही. आणि जेलीफिश आलेत का ते जीवरक्षकाला विचारायचं. समुद्र कुठलाही असो, कोळ्याच्या पोराचा हा सल्ला ऐका.

वालेन्सियाकर
नाखवांशी सहमत. शिवाय बेनिडॉर्ममध्ये रात्री बारा ते सकाळी सात पाण्यात उतरायला बंदी आहे, जबर दंड होतो.
बाबांसाठी: दोन्ही मोठ्या किनाऱ्यांवर वाळूवरून चालायला फळ्यांच्या वाटा आहेत. ज्यांना चालवत नाही त्यांना पाण्यात नेणाऱ्या चाकाच्या खुर्च्या आणि मदतनीसही असतात, हंगामात. बाबांना खुर्ची लागणार नाही, पण फळ्यांच्या वाटेने गुडघ्यावर ताण येत नाही.

रेवाळ
बरं, मी हरले असं समजू नका, पण एवढं वाचल्यावर तुमच्यासाठी बेनिडॉर्मच योग्य वाटतंय. फक्त एक दिवस विलाखोयोसाला जा. ट्रामने जवळच आहे, समुद्राकडे तोंड करून रंगीबेरंगी घरांची रांग, आणि १८८१ पासूनचा चॉकलेटचा कारखाना. आई खूश होतील. आल्तेआ मात्र लांबूनच बघा, जुनं गाव म्हणजे चढच चढ.

गोदाकाठ
रेवाळ, मनापासून आभार. विलाखोयोसा यादीत टाकलं.
बाबांचा शेवटचा प्रश्न: ग्वादालेस्तचं धरण चढ न चढता दिसतं का?

वालेन्सियाकर
दिसतं, पण थोडा चढ आहेच. गाव कड्यावर आहे. वाहनतळापासून चढणीचा रस्ता, मग खडकात कोरलेल्या बोगद्यातून आतल्या चौकात जायचं. चौकाच्या कठड्यावरून थेट खाली हिरवंनिळं पाणी दिसतं. किल्ल्यावर जायला पायऱ्या आहेत, त्या सोडून द्या. बसच्या फेऱ्या मोजक्याच, एवढे लोक आहात तर दिवसभरासाठी गाडीच ठरवा. धरण काँक्रीटचं आहे. बाबांनी सांगितलं तर मी आणखी माहिती काढून व्यक्तिगत निरोपात पाठवतो, आमच्या ऑफिसात एकजण जलसंघाची कामं करतात, त्यांनाही फार आनंद होईल.

तिखटजाळ
आणि हॉटेल ठरवताना पोनिएन्तेचा जुन्या गावाकडचा अर्धा भाग बघा. बुकिंगच्या आधी मेल करून विचारा, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती आहेत ते. काही इमारती उतारावर आहेत आणि फोटोत ते अजिबात कळत नाही.